गोधडीतला कंप्युटर

हळद शिजायला लागली की लोकांना लग्न आठवतं. मला कंप्युटर आठवतो. आता ह्याला काय करावं? माझ्या नाकापासून डोक्याकडं जाणारी वायर कुण्यातरी शिकाऊ मेकॅनिकनं जोडली असावी.

परवा नांदेडहून एस्टीनं घरी येत होतो. वसमत जवळ आलं अन् खिडकीतून तो वास आत शिरला. उकडलेल्या हळदीचा, ओल्या मातीचा, अन् त्याच्यावर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा धूर. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्या बाबानं डोळे मिटून लांब श्वास घेतला, म्हणाला, "सीजन चालू झाला." मी पण डोळे मिटले. बाबाच्या डोळ्यापुढं काय आलं ते बाबाला ठाऊक. माझ्या डोळ्यापुढं काळ्या पडद्यावर खालून वर पळणाऱ्या पांढऱ्या इंग्रजी ओळी आल्या अन् कानात एक पंखा चालू झाला. घूंऽऽऽ. कानात चालू झाला की माझ्या तोंडात यायला वेळ लागत न्हाई.

बाबा दचकून सरकला. "काहून रे, उलटी होऊन राहिली का?"

ही खोड लहानपणापासूनची. माणसांच्या नकला तर सगळेच करतात. मी वस्तूंच्या करायचो. पिठाच्या गिरणीची, विहिरीवरच्या मोटारीची, हवा जाता जाता रडणाऱ्या सायकलच्या ट्यूबची. एकदा साखर कारखान्याच्या भोंग्याची इतकी बराबर केली की शेजारची काकू काकाचा डबा भरायला बसली. डबा भरून झाल्यावर तिनं घड्याळाकडं बघितलं, अन् मग चप्पल घेऊन माझ्यामागं. माय म्हणायची, "ह्याच्या गळ्यात आख्खा आठवडी बाजार भरलेला हाय." आण्णा, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे, "बाजार उठंल तवा अभ्यास करील."

त्या बाजारात कंप्युटर आला तो ताईमुळं. ताई माझी थोरली बहीण. नांदेडला फिजिक्समधी एमएस्सी करायची अन् ते तिचं शेवटचं साल होतं. आण्णांनी आदल्या सालची हळद विकली अन् नांदेडहून कंप्युटर जोडून आणला. जीपमधी मॉनिटर ताईच्या मांडीवर, कंप्युटरचा डबा माझ्या मांडीवर. ड्रायव्हर प्रत्येक गतिरोधकाला मागं वळून म्हणायचा, "जपून धरा, बाळंतीण हाय ती!" आवाराच्या बाजूला खिडकी असलेली जी खोली होती, जिथं पोती ठेवायचे, ती रिकामी करून तिथं टेबल लागला. मायनं त्याला हळदकुंकू वाहिलं. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघतो तर माय टेप घेऊन डब्याचं माप घेऊन राहिली.

"माय, काय करतीस?"

"उघडं नागडं हाय लेकरू. काहीतरी शिवावं लागंल."

माझ्या मायचा जीव ज्याच्यावर असतो ते ती झाकते. टीव्हीला झालरीचं कव्हर, शिलाई मशीनला टोपडं, मिक्सरला पिशवी, आण्णांच्या मोटरसायकलला जुनं धोतर. ताई नांदेडला निघाली की माय तिला स्कार्फ असा बांधून द्यायची की बसस्टँडवर मी भलत्याच पोरीला "ताई, डबा राहिला" म्हणून हाक मारली होती. तो डबा मी वापस घरी आणला, ती गोष्ट वेगळी. कंप्युटरसाठी मात्र तिनं साधं कव्हर न्हाई शिवलं. गोधडीच शिवली. जुन्या लुगड्याचे थरावर थर, बारीक टाके, कडेनं लाल पट्टी, डब्यावर वरून घातली की चारी बाजूंनी खालपर्यंत येईल अशी, अन् वायरी निघायला मागून एक काज. आमच्या घरात जन्मलेल्या कोणत्याच लेकराला येवढी बैजवार गोधडी मिळाली न्हाई. मला तर ताईची जुनी मिळाली होती.

आता ताईचा प्रोजेक्ट. तो होता हलगीवर.

म्हणजे झालं असं. हळद शिजवायला आमच्या आवारात चुलवण पेटलं की सटवाजीमामा यायचे. मामा लग्नात हलगी वाजवायचे. सीजन लग्नाचा पण तोच. वरातीला जायच्या आधी ते आमच्या चुलवणाच्या जाळावर हलगी शेकायचे. जाळावर धरायची, टिचकी मारायची, परत धरायची, परत टिचकी. आधी आवाज यायचा ढप्, आजारी माणसासारखा. मग ढब्. मग टण्ण! अन् टण्ण आला की मामा उठून चालू पडायचे.

ताईनं एकदा इचारलं, "मामा, किती शेकायची हे कसं कळतं तुमाला?"

"कळतंय कुठं बाई? मागच्या साली फाटली की एक."

ताई त्या दिवशी जेवली न्हाई धड. एका बाजूनं जास्त शेकलेलं, एका बाजूनं कमी शेकलेलं, कुठं जाड कुठं पातळ असं चामडं कोणते कोणते सूर काढील, हे गणितानं आधीच सांगता येईल का? हा तिचा प्रोजेक्ट. गुळगुळीत, सारख्या चामड्याचं गणित पुस्तकात होतं. मामाच्या हलगीचं नव्हतं. त्यासाठी ताईनं हलगीचे कागदावर हजारो बारीक चौकोन पाडले. प्रत्येक चौकोन शेजारच्याला ओढतो, शेजारचा त्याच्या शेजारच्याला. हे सगळं लिहिलं की आकड्यांचं एक शेत तयार होतं, आडव्या सऱ्या, उभ्या सऱ्या. त्याला मॅट्रिक्स म्हणतात. ते शेत कंप्युटरनं एका दमात नांगरलं की शेवटी हलगीचे सूर हातात येतात.

अडचण होती ती 'एका दमात' ह्या दोन शब्दांची. अर्धं नांगरून बाकी उद्या, असं त्या गणितात चालत नव्हतं. अन् आमच्याकडं लाइट दमादमानंच यायची. ते लोडशेडिंगचे दिवस. सकाळी आली की दुपारी ठरलेल्या वेळेला जायची, अगदी नोकरीवर असल्यासारखी. ताईचं गणित त्याच्यापेक्षा जास्त वेळ घ्यायचं. युपीएस होतं, पण ते कसलं! लाइट गेली की टिंव टिंव टिंव करून रडायचं, अन् आमी कंप्युटर नीट बंद करेपर्यंत जीव धरायचं. रोज तेच. गणित उंबऱ्यापर्यंत यायचं अन् टिंव टिंव.

नांदेडला डिपार्टमेंटमधी एकच बरी मशीन, अन् तिच्यापुढं रांग. सरांनी सांगून ठेवलं होतं, महिना संपायच्या आत उत्तर दाखव, न्हाईतर प्रोजेक्ट पुढच्या साली. पुढचं साल म्हणजे आमच्या घरात बैठक. बैठकीत मोठे काका येणार, अन् ताईनं पुढं संशोधन करावं का ह्याच्यावर मोठ्या काकांचं मत सगळ्यांना पाठ होतं. "पोरगी शिकली, लई झालं." आण्णा काकांपुढं बोलत न्हाईत. काकांची नक्कल माझी हुकमी होती, पान थुंकून मग बोलायची. पण त्या महिन्यात ताई मला ती करू देत नव्हती. तेव्हा मला कळलं की पाणी किती खोल हाय.

सरांनीच मग तिला एक सीडी दिली. तिच्यात गुणाकाराची लायब्ररी होती. "हिच्यानं तुझं गणित कितीतरी पटीनं लवकर होईल. फक्त घरी तयार करावी लागंल."

"लायब्ररी?" मायनं सीडी उलटीपालटी करून बघितली. "येवढुशात पुस्तकं कुठं मावली?"

ताईनं तिला समजावलं. आमच्या घरात ताईसारखं समजावणारं कुणी न्हाई. म्हणाली, "माय, रेडिमेड झंपर असतो ना बाजारातला? सगळ्याला होतो, पण कुणालाच बराबर बसत न्हाई. आतापर्यंत आपल्या कंप्युटरनं तसलं रेडिमेड गणित घातलं होतं. ह्या सीडीत नुसतं कापड हाय. शिवायचं आपण, आपल्या कंप्युटरच्या मापानं. अन् गंमत म्हणजे माप तो स्वतःच घेतो. एकच गुणाकार शंभर तऱ्हेनं करून बघतो, छोटे तुकडे पाडून, मोठे तुकडे पाडून. प्रत्येक वेळी आतल्या आत घड्याळ लावतो. जी तऱ्हा सगळ्यात लवकर झाली ती ठेवतो."

"मंग हे तर सटवाजीचंच झालं," आण्णा म्हणाले. "टिचकी मारायची, शेकायचं, टिचकी मारायची."

ताई त्यांच्याकडं बघतच राहिली. तिनं ते वाक्य पुढं रिपोर्टमधी इंग्रजीत लिहिलं, आण्णांचं नाव न टाकता. मी अजून तिला त्याच्यावरून छळतो.

गणित ताईचं अन् मशीन माझी, अशी आमची वाटणी होती. मला लिनक्स, म्हणजे विंडोजचा चुलतभाऊ, येत होतं. कसं आलं ते इचारू नका. एका मासिकासोबत सीडी फुकट आली होती, ती टाकून मी आधी दोनदा सगळा कंप्युटर धुवून काढला होता. तर मी सीडीतलं सगळं उतरवून घेतलं, दोन चार ओळी टाइप केल्या, अन् एंटर मारलं. अन् काय सांगू! काळ्या पडद्यावर ओळींची नुसती जत्रा. सरसर सरसर वर. मधी थांबायचं, कुठला तरी आकडा दाखवायचं, परत सरसर. शेजारची काकू, डबेवाली, दारातून वाकून बघून गेली.

"काय रे गज्या, रिझल्ट लागून राहिला का?"

"व्हय काकू. तुमचाच नंबर शोधून राहिलो. सातवीची मार्कशीट आणा बरं."

"मेल्या!"

पण एक अट होती. कंप्युटर माप घेत असताना त्याला हात लावायचा न्हाई. गाणे न्हाई, गेम न्हाई, माउस पण हलवायचा न्हाई. मधी दुसरं काम सांगितलं की त्याचं घड्याळ चुकायचं. माझ्यासाठी ही म्हणजे शिक्षाच. घरात नवा कंप्युटर चालू हाय अन् मी बाहेर ऊन खात हळद पसरून राहिलो! ताईनं खोलीचं दार ओढून घेतलं, अन् आमी दोघं आवारात. एकच बरं होतं, लाइट गेली तरी ते काम वाया जात न्हवतं. आली की जिथं राहिलं तिथून पुढं.

ते दिवस आठवले की मला उन्हाचा रंगच पिवळा दिसतो. एका बाजूला कढईत हळद शिजून राहिली, झाकणाखालून वाफ. एका बाजूला उकडलेली वाळत घातलेली, तिच्यावरून चालताना पायाला चटका. अन् खिडकीच्या बाजूला पॉलिशचा ड्रम. पहिली खेप वाळली होती, ती ड्रममधी घालून दोन गडी दोन्हीकडून फिरवायचे. घडघडघड. जाळीतून पिवळा धुरळा असा उडायचा की संध्याकाळी गडी, आण्णा, कुत्रं सगळे नवरदेव. खिडकीचे गज पिवळे. माझ्या नाकातून जे निघायचं ते सांगत न्हाई, पण ते पण पिवळं.

लायब्ररी तयार झाली. ताईनं नवं गणित लावलं अन् आमी वाट बघत बसलो. दुपार झाली. टिंव टिंव टिंव.

दुसऱ्या दिवशी परत. टिंव टिंव टिंव. रेडिमेडपेक्षा बरं म्हणावं तर कणभर. सरांनी तर कितीतरी पट सांगितलं होतं. ताईनं सगळं परत तपासलं. मी परत तपासलं. सगळं बराबर. ताई चिडली असती तर मला बरं वाटलं असतं, मी तिची नक्कल केली असती. पण ती गप बसली. गप बसलेल्या माणसाची नक्कल करता येत न्हाई, मी करून बघितली.

महिना संपत आला होता. एका संध्याकाळी चुलवण विझत आलं होतं अन् आमी सगळे आवारात बाजेवर बसलो होतो. सटवाजीमामा पण होते, हलगी शेकून झाली होती. ताई हळदीच्या ढिगाकडं बघत बसली होती. आण्णांना बोलून समजूत घालता येत न्हाई. ते मला म्हणाले, "गज्या, कर बरं काहीतरी. तुझा तो कंडक्टर कर."

मी कंडक्टर केला. जवळा बाजार, सेनगाव अशी गावं पुकारण्याची, जागेसाठी भांडणाऱ्या बाईची, सगळ्या नकला केल्या. मामा खोकेपर्यंत हसले. ताई हसली न्हाई. माय तिच्याकडं बघून हळूच म्हणाली, "कंप्युटरची कर रे. तिला आवडंल."

मग मी कंप्युटर केला. आधी बटण दाबलं की येणारी ढेकर. मग युपीएसचं रडणं, तर ताई खरंच अर्धी उठली, अन् मला एक धपाटा बसला. मग म्हणालो, "आता पंखा. हा बघा सकाळचा. घूंऽऽऽऽ. अन् हा दुपारचा. घींऽऽऽऽईंऽऽऽ."

ताई म्हणाली, "तसा न्हाई वरडत तो."

"वरडतो. नकलेत चूक काढू नको. सकाळी म्हातारा जेवून झोपल्यासारखा, घूं. अन् दुपारी, ड्रम चालू झाला की जरा वेळानं, शेळीला कुणी पिळल्यासारखा. घींऽऽई. मी रोज खिडकीखाली हळद पसरतो, मला इचार."

"दुपारीच काहून?"

"ते मी काय सांगू? मी आवाज काढतो, मेकॅनिक थोडाच हाय."

ताई उठून उभी राहिली. "त्याचा पंखा कधी जोरात फिरतो माहिताय का? आत तापलं की. पण तापायला काय झालं? खोलीत तर सावली…"

मायच्या हातातलं सूप थांबलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "झाकलेला असतो म्हणून आसंल."

सगळे तिच्याकडं.

"काय झाकलेला?"

"ड्रमचा धुरळा जातो की गं आत, खिडकीतून. तुमी दोघं हिकडं उन्हात. म्हणलं, पिवळं होईल लेकरू. मंग मी गोधडी घालत होते. तुमी यायच्या आधी काढून झटकून ठेवत होते."

"चालू असताना?" मी वरडलो.

"मंग काय झालं? तू पण पांघरूण घेऊन झोपतोस. श्वास घेतोसच की."

ताईनं डोक्याला हात लावला. मला वाटलं आता ही फुटती. मायला पण तेच वाटलं असावं, ती सूप उगीच पाखडायला लागली, रिकामं. अन् मग ताई तिच्याजवळ जाऊन खाली बसली.

"माय, तो लई तापला ना, की आपण जळू नये म्हणून आपल्या आपण हळू होतो. जीव राखतो. अन् आपण त्याला त्याच वेळी माप घ्यायला लावलं. गोधडीत गुदमरलेला असताना त्यानं ठरवलं की मला येवढंच जमतं. म्हणून हळू शिवलं गेलं सगळं."

मायनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे लेकराला परीक्षेला बसवलं, अन् मी वरून गोधडी टाकली."

आधी आण्णा हसले. मग मामा. मग ताई अशी हसली, अशी हसली, की हसता हसता रडायला लागली, अन् मायनं तिच्या डोक्यावरून पदर टाकला. झाकलंच शेवटी.

झालेलं सगळं पुसून टाकावं लागलं. कारण कंप्युटर एकदा घेतलेलं माप लिहून ठेवतो, परत नव्यानं घेत न्हाई. मी पुसलं अन् पहिल्यापासून चालू केलं. आता प्रश्न धुरळ्याचा. गोधडी न्हाई घातली तर हळद आत जाणार, अन् आधीच किती गेली होती देव जाणे. ड्रम भाड्याचा होता, पाळी आमची होती, वाळलेली हळद थांबून राहत न्हाई. आण्णांनी सकाळी उठून वारं कुठून येतंय ते बघितलं अन् गड्यांना घेऊन आख्खा ड्रम उचलून आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला नेला, बाभळीखाली. हळदीचे ढीग पाटीपाटीनं तिकडं वाहायचे. गडी म्हणाले, "मालक, काहून येवढी तकलीफ?" आण्णा म्हणाले, "आत पेपर चालू हाय."

अन् मायनं काय केलं? तिनं गोधडी घडी करून मांडीवर ठेवली, अन् तिची दोन लुगडी पाण्यात भिजवून खिडकीला अन् दाराला टांगली. धुरळा पण येईना, अन् आत असं गार की मला तिथंच झोपावं वाटलं. लुगडं वाळत आलं की ती परत पाणी मारायची. कंप्युटर झाकायचा न्हाई म्हणल्यावर तिनं खोलीच झाकली.

मला काम दिलं ऐकायचं. येवढी इज्जत माझ्या कानाला आधी कधी मिळाली न्हवती. मी खिडकीखाली बसून आवाज ऐकायचो अन् आवारातून कुणी ना कुणी इचारायचं, "गज्या, कसा हाय?" मी तोंडानंच उत्तर द्यायचो. घूंऽऽ. शेजारची काकू पण कुंपणावरून इचारून जायची. दुपारी ऊन पार डोक्यावर आलं तरी घूंऽऽ. घीं न्हाई झालं.

आता इतक्या वर्षांनी ताईनं बेंगळूरहून फोन करून सांगितलं की ती लायब्ररी तयारच मिळते. नुसती एक ओळ टाइप करायची, डोळा लवायच्या आत हजर. तिच्या ऑफिसातल्या मशीनी वेगळ्या थंड खोलीत असतात म्हणे, काचेमागं. तिचा लॅपटॉप मी बघितला, मांजर घुरघुरल्यागत आवाज. त्याची नक्कल काय करायची, कुणाला ऐकू येणार! परवा घरी गेलो तेव्हा मी तो जुना डबा उघडला. आत सगळीकडं हळद. पंख्याच्या पात्यांवर, वायरींवर, कोपऱ्याकोपऱ्यात. फुंकर मारली तर शिंका आल्या. मी ताईला फोनवर म्हणालो, "तुझ्याआधी ह्याला हळद लागली बघ." ती म्हणाली, "पुसू नको रे." मी पुसली न्हाई. झाकण लावून ठेवलं.

पण मी तेव्हाचं सांगत होतो. नवी लायब्ररी तयार झाली होती, सकाळी लाइट आली होती, ताईनं हलगीचं शेत नांगरायला लावलं अन् बाहेर येऊन दार ओढून घेतलं. महिन्याचे शेवटचेच दिवस होते ते. त्या सकाळी आमच्या आवारात सगळे काम करत असल्याचं सोंग करून राहिले होते. आण्णा एकच ढीग हिकडून तिकडं अन् तिकडून हिकडं. गडी ड्रम फिरवत होते, पण मानेनं खोलीकडं. सटवाजीमामा वरातीला जायचे होते, अजून बसलेलेच. माय दर थोड्या वेळानं लुगड्याला पाणी मारायची. गोधडी तिच्या काखेत.

ऊन वर चढायला लागलं. लाइट जायची वेळ अजून झाली न्हवती, पण ताई आत गेली. लुगडं बाजूला सारून गेली, अन् आली न्हाई. जरा वेळ झाला. अजून झाला. आण्णांनी पाटी खाली ठेवली. मी कान लावला. घूंऽऽ चालूच होतं, पण हळू, काम संपल्यासारखं. ते माझ्याशिवाय कुणाला कळलं नसतं.

मग ती दारात आली. ओल्या लुगड्यानं तिचा एक खांदा भिजला होता. आमी सगळे तिच्या तोंडाकडं. माझ्यासारखी ती न्हाई, तिला असं सगळ्यांपुढं काही करता येत न्हाई, शाळेत कविता म्हणायची वेळ आली की तिला ताप यायचा. ती सरळ सटवाजीमामांजवळ गेली, त्यांच्या मांडीवरून हलगी उचलली, अन् टिचकी मारली.

टण्ण.

"हा," ती म्हणाली, "गणितात हा पहिला आला. अन् मग हा." तिनं कडेला मारली. "अन् मग हा. बराबर आलेत. सगळे बराबर आलेत, आण्णा."

मामांनी हलगी तिच्या हातातून घेतली अन् उभं राहून जी वाजवायला लागले, की गड्यांनी ड्रम सोडून दिला. आण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "मोठ्या काकाची कर रे!" अन् मी केली. पान थुंकून, कमरेवर हात ठेवून. "पोरगी शिकली?" एवढं म्हणून मी थांबलो, अन् आण्णाच वरडले, "अजून शिकंल!"

त्याच वेळी आतून आवाज आला. टिंव टिंव टिंव.

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

"मी न्हाई! आईशपथ मी न्हाई, लाइट गेली!"

ताई आत जाऊन कंप्युटर बंद करून आली. युपीएस गप झालं. पंखा थांबला, घूंऽऽऽ… ऊंऽऽ… म्हणत. माय दारात उभी होती. काखेतली गोधडी तिनं दोन्ही हातांत धरली होती. आत जावं की न्हाई तिला कळंना.

"दमला आसंल," ती म्हणाली. "आता झाकू का?"

ताईनं डब्यावर हात ठेवून बघितला, कपाळावर ठेवतात तसा.

"जरा निवू दे," ती म्हणाली. "मंग झाक."

माय गोधडी मांडीवर घेऊन त्याच्याजवळ खाली बसली.